पंप दिवसावर आला, सर्व्हर कधी येणार?

प्रति,
अध्यक्ष, नॅसकॉम,
आणि महाराष्ट्रात कार्यालये व डेटा सेंटर चालवणाऱ्या सदस्य कंपन्यांचे प्रमुख यांस



महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पंपासाठी वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने मिळत आली: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन पिकात शिरायचे, दारे धरायची, पायाखाली काय आहे ते दिसत नसताना चिखल तुडवायचा. विंचू-सापाची भीती सगळीकडे, जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचीही. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही मागणी या राज्यात कितीतरी मोर्चांमधून झाली. तिला उत्तर मिळायला सौरऊर्जा स्वस्त व्हावी लागली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून तिची सुरुवात झाली, आणि आता दुसऱ्या टप्प्यात उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचे आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या कृषी फीडरला द्यायची आणि सूर्य असताना पंप चालवायचा, अशी ही योजना. सगळ्या गावांपर्यंत ती अजून पोचलेली नाही. पण ४५ लाखांहून अधिक पंपांचा भार रात्रीवरून दिवसावर आणायचा, एवढा मोठा निर्णय या राज्याने घेतला आणि तो अमलात येतो आहे.

तुमचा माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग मात्र अजून रात्रीवरच आहे. हे पत्र त्यासाठी.

तुमच्याकडचा कोणताही अभियंता सांगेल. बॅकअप रात्री, मोठे रिपोर्ट रात्री, दिवसभरात लिहिलेल्या कोडच्या हजारो चाचण्या रात्री, डेटाची साफसफाई रात्री. ‘जॉब रात्री लावून ठेव’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत रोज ऐकू येते. त्यामागे एके काळी शहाणपण होते. दिवसा यंत्रावर माणसे काम करत आणि रात्री ते रिकामे असे. औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून रात्रीची वीज शिल्लक पडत असे, आणि महाराष्ट्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. म्हणजे रात्री काम लावणे यंत्राच्या, खिशाच्या आणि ग्रिडच्याही सोयीचे होते.

ती परिस्थिती आज राहिलेली नाही. २०२५ च्या वीजदर आदेशात राज्य वीज नियामक आयोगाने सवलतीचे तास दिवसाकडे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे, वळवले. दरांवरून वाद झाले, पुढेही होतील. पण आयोगाने हे का केले याबद्दल वाद नाही: दुपारी राज्यात सूर्याची वीज भरपूर असते आणि संध्याकाळनंतर ती शून्यावर येते. वीजक्षेत्राने आपले घड्याळ फिरवले. तुमच्या सर्व्हरमधली वेळापत्रके मात्र जुन्याच घड्याळावर चालली आहेत.

आता थोडे तांत्रिक बोलतो, कारण तुम्ही तांत्रिक माणसे आहात आणि पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण ही सरासरी प्रत्यक्षात कोणत्याच तासाची नसते. दुपारी एकला सौर प्रकल्प जोरात असतात, तेव्हा आकडा खाली येतो. रात्री दोनला चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ इथल्या वीज केंद्रांतला कोळसाच मुख्यतः जळत असतो आणि आकडा वर जातो. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, ही अभिमानाची बातमी आपण सर्वांनी वाचली. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधली दरी बरीचशी रात्रीची आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट संध्याकाळची. कोळशाचा संच पंख्यासारखा बटण दाबून बंद-चालू होत नाही. संध्याकाळी सातला त्याची गरज लागणार असेल तर दुपारी बारालाही तो चालूच ठेवावा लागतो, आणि साधारण ५५ टक्के क्षमतेच्या खाली आणता येत नाही. म्हणून असे घडते की दुपारी सूर्य ओसंडून देत असतो, तरी कोळशाचे संच निम्म्या ताकदीवर जळत राहतात आणि सौर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करायला सांगावे लागते. राजस्थानात २०२५ मध्ये वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्याही अपुऱ्या पडल्या आणि तयार होऊ शकणारी सौरवीज सोडून द्यावी लागली. याचा अर्थ, संध्याकाळची आणि रात्रीची मागणी जितकी कमी होईल तितके कोळशाचे संच दुपारी चालू ठेवण्याची गरज कमी होईल, आणि दुपारची मागणी जितकी वाढेल तितकी सौरवीज वाया जाण्यापासून वाचेल. एखादे काम रात्रीवरून दुपारवर आणले की दोन्ही बाजूंनी फायदा होतो. पंपाने तो दिला. फ्रीज, दिवे, लोकल गाड्या, रुग्णालये यांना हे जमणार नाही, त्यांची वेळ ठरलेली आहे. ज्याच्या कामाची वेळ एका ओळीच्या सूचनेने बदलता येते आणि ज्याला त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, असा मोठा वीजग्राहक माझ्या माहितीत एकच आहे, तो म्हणजे तुम्ही.

तुम्ही आजवर काहीच केले नाही असे मी म्हणत नाही, ते खोटे होईल. २०११ च्या सुमारास हैदराबादजवळ पोचारम इथल्या आवारात इन्फोसिसने एक इमारत बांधली. तिचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचे वातानुकूलन, दुसऱ्या भागात काँक्रीटच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून गारवा. दोन्ही भागांना वेगळे मीटर. दुसऱ्या भागाला गारव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. या प्रयोगात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते मीटर. कोणी दावा केला नाही, मोजले आणि आकडे सर्वांसमोर ठेवले. त्याच कंपनीने २००८ नंतरच्या बारा वर्षांत माणशी वीजवापर निम्म्याहून खाली आणला आणि २०२० मध्ये कार्बनतटस्थ झाल्याचे जाहीर केले. टीसीएसने २०३० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट घेतले आहे. इतर कंपन्यांचीही अशी उद्दिष्टे आहेत. छतावर सौरपट्ट्या आहेत, सांडपाण्याचा पुनर्वापर आहे, हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत हरित प्रमाणपत्रे लावलेल्या इमारती आहेत.

पण या सगळ्या हिशेबाचे एकक वर्ष आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे. एखादी कंपनी वर्षाला दहा कोटी युनिट वापरते, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या सौर प्रकल्पाकडून वर्षाला दहा कोटी युनिट विकत घेते आणि ‘आमची वीज शंभर टक्के हरित’ असे अहवालात लिहिते. कागदावर हे बरोबर आहे. पण त्या कंपनीचे सर्व्हर रात्री तीनला चालू असतात आणि रात्री तीनला कोणताही सौर प्रकल्प वीज देत नाही. त्या वेळी तिच्या मशिनांना चंद्रपूरचीच वीज मिळते. वर्षाच्या बेरजेत ही रात्र दिसेनाशी होते. वीजक्षेत्र दिवसाचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत ठेवते आणि अगदी त्या पंधरा मिनिटांचा दंडही भरते. मिलिसेकंद मोजण्यात ज्यांची हयात गेली, त्या उद्योगाने आपल्या कार्बनचा हिशेब मात्र वर्षाला एका आकड्यात मिटवावा, हे मला पटत नाही.

गूगलला हे लवकर उमगले. २०१७ मध्ये त्या कंपनीने वार्षिक बेरजेने शंभर टक्के गाठले. पण तेवढ्याने खरा कोळसा थांबत नाही हे ओळखून २०२० मध्ये तिने नवे उद्दिष्ट जाहीर केले: २०३० पर्यंत प्रत्येक तासाला, प्रत्येक ठिकाणी, कार्बनमुक्त वीज. त्याच वर्षी तिने तातडीची नसलेली कामे स्वच्छ विजेच्या तासांकडे सरकवण्याची यंत्रणाही सुरू केली. एखादा व्हिडिओ आणखी एका स्वरूपात साठवणे किंवा भाषांतराच्या यंत्राला नवे शब्द शिकवणे ही कामे आत्ता केली काय आणि चार तासांनी केली काय, वापरणाऱ्याला फरक पडत नाही. मोठ्या प्रमाणावर हे जमते, याला हा पुरावा पुरेसा आहे.

आता नवी मुंबईकडे येतो. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालये इथे आहेत, आणि २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिल्यावर ही वाढ आणखी वेगाने झाली. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे इथे एकेकाळी रसायनांचे आणि कापडाचे कारखाने होते. आता तिथे खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्याच रस्त्यावर ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्र आहे, ज्याला वीजक्षेत्रातली माणसे नुसते ‘कळवा’ म्हणतात. राज्याच्या विजेची नाडी चोवीस तास तिथे मोजली जाते. हाकेच्या अंतरावर एकीकडे वीज कोणत्या क्षणी कुठून येते हे ठाऊक असलेले केंद्र आहे आणि दुसरीकडे त्या विजेचे सर्वांत भुकेले ग्राहक. या दोघांमध्ये कोणत्या तासाला किती कार्बन, हा संवादच नाही.

या भुकेची किंमत कोण देते, तेही बघा. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता मर्यादित आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेले तेव्हा सर्वांना ते कळले. म्हणून शहराच्या आत आणि जवळ तयार होणारी वीज महत्त्वाची ठरते. ट्रॉम्ब्याचा कोळशाचा प्रकल्प बंद करण्याचा विचार होता. मागणी वाढत गेली, त्यात डेटा सेंटरची मागणी महत्त्वाची होती, आणि प्रकल्प चालू ठेवायचा निर्णय झाला. शेजारी माहुल आहे. तिथली हवा एकट्या वीज प्रकल्पाने बिघडवलेली नाही, रिफायनऱ्या आणि रसायनांचे कारखाने आहेत, आणि तिथल्या रहिवाशांची दाद उच्च न्यायालय आणि हरित लवादापर्यंत गेलेली आहे. पण ज्या वस्तीच्या वाट्याला आधीच इतके आले आहे, तिच्या शेजारच्या धुरांड्याचे आयुष्य आपल्या बॅकअपमुळे आणि रात्रीच्या रिपोर्टमुळे एक दिवसही वाढू नये, असे मला मनापासून वाटते. तुम्हालाही वाटत असणार.

२००८ मध्ये ‘स्मार्ट २०२०’ नावाचा एक अहवाल आला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो तेव्हा व्यासपीठांवरून उद्धृत केला. माहिती तंत्रज्ञानामुळे जगाचे उत्सर्जन २०२० पर्यंत अपेक्षित वाढीच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असे त्यात म्हटले होते. २०२० मध्ये उत्सर्जन घटले ते टाळेबंदीमुळे, आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. तंत्रज्ञानाने वाचवलेला कार्बन किती, हे सिद्ध करणारा सर्वमान्य हिशेब अजूनही आपल्यापाशी नाही. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. २०३० पर्यंत वातावरणातून कार्बन काढून घेण्याचे वचन देणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केले की २०२० च्या तुलनेत तिचे उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढले आहे. गूगलचे २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढले. प्रामाणिकपणे आकडे सांगितले याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पण यातून एक गोष्ट उघड होते: यंत्रे कितीही काटकसरी झाली तरी कामाची वाढ ती काटकसर गिळून टाकते. म्हणून ‘आमचे नवे सर्व्हर कमी वीज खातात’ एवढे सांगून आता भागणार नाही.

तुमच्या हरकती मला माहीत आहेत, त्यांतली एकही फालतू नाही. तुम्ही म्हणाल, आमची कामे परदेशी ग्राहकांची आहेत, वेळा करारात लिहिलेल्या आहेत. खरे आहे. पण करारात लिहिलेली असते ती काम पूर्ण होण्याची वेळ, सुरू होण्याची क्वचितच. सोमवारी सकाळी लागणारा रिपोर्ट रविवारी रात्री दोनलाच काढला पाहिजे असे कोणत्याही करारात नसते, रविवारी दुपारी दोनलाही तो निघतो. तुम्ही म्हणाल, बँकेचा दिवस संध्याकाळी मिटतो, त्याचा ताळमेळ रात्रीच लागतो. मान्य. ती कामे जिथे आहेत तिथे राहू द्या. पण त्याच बँकेच्या सर्व्हरवर जुन्या नोंदींचे पुनर्वर्गीकरण, फसवणूक ओळखणाऱ्या मॉडेलचे प्रशिक्षण, चाचणीसाठी तयार केलेली बनावट माहिती अशी ढीगभर कामे रात्रीच्या ताळमेळाच्या मागे रांग लावून उभी असतात. ती दुपारी का होऊ नयेत? दिवसा सर्व्हरवर ग्राहकांचा ताण असतो हेही खरे, पण आता क्लाउडवर क्षमता तासाच्या हिशेबाने वाढवता-कमी करता येते. ती सोय विकणारे तुम्हीच आहात.

आणि तुम्ही म्हणाल, कोणते काम सरकवता येईल आणि कोणते नाही हे शोधत बसायला माणसे कुठून आणायची? याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे. १९९८-९९ मध्ये याच उद्योगाने जगभरच्या कंपन्यांचे कोट्यवधी ओळींचे जुने कोबोल कोड एकेक ओळ तपासून काढले होते, वर्षाचे दोन अंक चार करण्यासाठी. त्या वाय-टू-केच्या कामावर आपल्यातल्या कितीतरी कंपन्या मोठ्या झाल्या. २०२४-२५ मध्ये तुमच्या उद्योगात ५८ लाख माणसे होती आणि उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलरची. वेळापत्रकांच्या फायली उघडून प्रत्येक जॉबसमोर ‘याला थांबता येते का, किती वेळ’ एवढा एक रकाना भरणे त्या कामापुढे काहीच नाही.

साधा हिशेब मांडतो. समजा एखाद्या कंपनीची सरकवता येण्याजोगी कामे मिळून एक मेगावॉटची आहेत आणि ती रोज रात्री चार तास चालतात. वर्षाची वीज झाली १४ लाख ६० हजार युनिट, देशाच्या सरासरीने त्यामागे हजार टनांच्या आसपास कार्बन. कामे दुपारी आणली तर त्यातले किती टन वाचतील? ते रात्रीच्या आणि दुपारच्या युनिटमधल्या फरकावर, ऋतूवर, त्या दिवशीच्या ढगांवर अवलंबून आहे. हा फरक तासागणिक मोजून सर्वांसमोर ठेवणारी अधिकृत सोय महाराष्ट्रात असायला हवी, आणि ती उभी करण्याची क्षमता तुमच्या हातात आहे.

ब्रिटनमध्ये २०१७ पासून विजेची दर अर्ध्या तासाची कार्बन तीव्रता, म्हणजे एका युनिटमागचा कार्बन, पुढच्या अंदाजासह मोफत उपलब्ध असते. कोणत्याही प्रोग्रामरला ती आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येते. आपल्या राज्याच्या भार प्रेषण केंद्राकडे कोणता संच किती वीज देतो आहे याची माहिती क्षणाक्षणाला येते. तिचे कार्बनमध्ये रूपांतर करून, पुढच्या चोवीस तासांचा अंदाज बांधून, ती खुली ठेवणे हे तुमच्यातल्या एखाद्या मध्यम कंपनीच्या छोट्या गटाचे काही महिन्यांचे काम आहे. पुण्यातल्या ‘प्रयास’ने घराघरांत छोटी यंत्रे बसवून वीजपुरवठ्याचा दर्जा मिनिटामिनिटाला मोजला आणि सगळी माहिती खुली ठेवली. एका लहान स्वयंसेवी संस्थेला जे जमले, त्याहून मोठे काही तुमच्याकडून अपेक्षिणे गैर नाही.

इथे तुमच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल बोललेच पाहिजे. पावसाळ्यात टेकडीवर रोपे लावणे चांगलेच, कोणी नको म्हणणार नाही. पण रोप कोणीही लावू शकते. चाळकेवाडीच्या पठारावर उद्या दुपारी वारा किती वाहील, धुळ्यातल्या पवनचक्क्या पुढच्या पंधरा मिनिटांत किती वीज देतील, हा अंदाज दोन टक्क्यांनी सुधारणे हे कोणीही करू शकत नाही, तुम्ही करू शकता. २०१८ च्या नियमांनुसार राज्यात पवन आणि सौर प्रकल्पांना असा अंदाज द्यावाच लागतो आणि चुकला तर पैसे भरावे लागतात. अंदाज जितका कच्चा, तितके कोळशाचे संच ‘असू द्या हाताशी’ म्हणून चालू ठेवावे लागतात. महावितरणच्या फीडरवर कुठे गळती आहे, कोणत्या रोहित्रावर भार अति झाला आहे, सौर कृषी वाहिनीच्या कोणत्या प्रकल्पाची वीज तांत्रिक बिघाडाने फुकट जाते आहे, हे माहितीतून शोधणे हीसुद्धा तुमचीच विद्या आहे. तुमच्या चांगल्या अभियंत्यांतले काही जण वर्षभरासाठी पगारासह या कामावर पाठवा. मला वाटते, तुमच्या उद्योगाकडून या राज्याला मिळू शकणारी ही सर्वांत मोठी मदत असेल. तुमच्या स्वतःच्या वीजबिलातून वाचणाऱ्या कार्बनपेक्षा, तुम्ही वीजव्यवस्थेला हुशार करून वाचवाल तो कार्बन कितीतरी जास्त असेल.

आता तुमच्या कार्यालयांकडे. लॅपटॉपचे एका वाक्यात सांगतो: त्याच्या आयुष्यातले बहुतांश उत्सर्जन तो कारखान्यात तयार होतानाच झालेले असते, तेव्हा तीन वर्षांनी बदलण्याचा नियम पाच वर्षांचा करा. कार्यालयांतल्या गारव्याबद्दल थोडे जास्त. अमेरिकी वेळेत काम करणारी तुमची हजारो माणसे संध्याकाळी सहानंतर हिंजवडी आणि ऐरोलीत वातानुकूलनात बसतात, नेमक्या त्या तासांत जेव्हा सूर्य गेलेला असतो आणि राज्यभर घरांचे दिवे लागतात. दुपारच्या स्वस्त, स्वच्छ विजेवर पाणी थंड करून टाकीत साठवायचे आणि संध्याकाळी ते इमारतीत फिरवायचे, ही जुनी, माहितीतली पद्धत आहे. राज्यानेही घाटघरला हेच वेगळ्या रूपात केले आहे: शिलकी विजेवर खालचे पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या तासाला २५० मेगावॉट वीज मिळवायची. नवे आवार बांधताना अशी टाकी घालणे तुम्हाला अवघड नाही. डेटा सेंटरमधल्या यूपीएसच्या बॅटऱ्याही अशाच उपयोगी पडू शकतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डब्लिनच्या डेटा सेंटरमधल्या बॅटऱ्या आयर्लंडच्या ग्रिडला आधार देण्यासाठी जोडल्या. वर्षातले बहुतेक दिवस निवांत पडून राहणारी ही बॅटऱ्यांची फौज महाराष्ट्राच्या संध्याकाळला उपयोगी पडावी, यासाठी नियामक आयोगापुढे प्रस्ताव घेऊन तुम्हीच गेले पाहिजे.

यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. सॉफ्टवेअरचा कार्बन कसा मोजायचा याचे आंतरराष्ट्रीय मानकही २०२४ मध्ये तयार झाले आहे. उच्चदाबाने वीज घेणाऱ्या तुमच्या आवारांच्या मीटरमध्ये पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदी आधीच साठत आहेत. सेबीच्या नियमामुळे देशातल्या बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्या २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देतातच. त्यात ऊर्जेचा आकडा वर्षाचा असतो. नियम तासाचा मागत नाही. पण नियमापुढे एक पाऊल टाकायला नियमाची परवानगी लागत नाही.

म्हणून नॅसकॉमला आणि प्रत्येक सदस्य कंपनीला माझी विनंती अशी. येत्या वार्षिक अहवालात महाराष्ट्रातल्या प्रत्येक आवाराचा आणि डेटा सेंटरचा तासवार वीजवापर छापा. त्यातली किती वीज रात्री वापरली आणि किती सूर्य असताना, हे स्वतंत्र लिहा. सरकवता येणाऱ्या कामांची यादी करा आणि ती किती सरकवली हे पुढच्या वर्षी त्याच पानावर सांगा. एकट्या कंपनीला हे करताना स्पर्धेची भीती वाटेल, म्हणून हा निर्णय नॅसकॉमने सर्वांसाठी एकत्र घ्यावा आणि येत्या आर्थिक वर्षापासून लागू करावा.

आपला,
वीजक्षेत्रात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये काम केलेला एक अभियंता,
पुणे